स्वारगेटच्या चौकात शेकडेवारी

मुलांनो, तुम्ही स्वारगेट पाहिलंय का? पुण्याच्या मुलांना हे विचारणं म्हणजे 'तुम्ही स्वतःचं नाक पाहिलंय का' असं विचारण्यासारखं आहे! पण बाहेरगावच्या दोस्तांसाठी थोडं सांगते.

पुण्याच्या जुन्या पेठा दक्षिणेला जिथं संपतात, तिथं हा चौक आहे. पूर्वी इथं नाका होता, घोडेस्वार पहाऱ्याला असत, म्हणून 'स्वारगेट', असं जुनी माणसं सांगतात. आता घोडे नाहीत, पण स्वार पाहाल तर हजारो! मंडईकडून शिवाजी रस्ता येतो, पूर्वेकडून शंकरशेठ रस्ता येतो, एक रस्ता सारसबागेकडून येतो आणि कात्रजकडून सातारा रस्ता येतो. चौकाला देशभक्त केशवराव जेधे यांचं नाव आहे. केशवराव (१८९६ ते १९५९) म्हणजे स्वातंत्र्यलढ्यातले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातले मोठे पुढारी. इथंच एसटीचं स्टँड, तिथंच पीएमपीचं स्टँड, डोक्यावर उड्डाणपूल, आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून पायाखाली मेट्रोसुद्धा! इथून सातारा, कोल्हापूर, सांगली, पंढरपूर, सोलापूर, भोर, कुठंही जाता येतं.

पण त्या शनिवारी आम्ही कुठंच जाणार नव्हतो. मी आणि माझ्या सातवीच्या वर्गातली अकरा मुलं-मुली तिथं मोजायला गेलो होतो. काय मोजायला? ते सांगण्याआधी मला माझी एक चूक कबूल करायला हवी.

मी प्राथमिक शाळेत मराठी आणि गणित शिकवते. सहामाही परीक्षेच्या आधी मी निबंधाला विषय दिला होता, 'आमची गाडी'. वाटलं, मुलांना गाड्यांचं वेड असतं, भराभर लिहितील. लिहिलंही. एका मुलाचा निबंध तर मी वर्गात वाचून दाखवला. पांढरीशुभ्र गाडी, मागच्या काचेवर गावच्या देवाचं नाव, रविवारी बाबा आणि तो मिळून ती धुतात, आणि पाऊस आला की काचेवरचा वायपर 'नको नको' अशी मान हलवतो! किती छान! मी दहापैकी नऊ गुण दिले.

मग पालकसभा आली. त्या मुलाची आई आली होती. मी कौतुकानं मोठ्यानं म्हटलं, "तुमच्या गाडीवर काय सुंदर लिहिलंय हो त्यानं!" आजूबाजूला चार-पाच पालक उभे होते. त्यांचा चेहरा एकदम उतरला. हळूच म्हणाल्या, "गाडी कुठली हो बाई? आम्ही पीएमटीनं येतो."

(पीएमटीची पीएमपी २००७ मध्येच झाली, पण पुण्यात अजून पुष्कळ जणांच्या तोंडी पीएमटीच आहे बरं का!)

मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना डोक्यात तेच. मुलानं खोटं लिहिलं हे खरं. पण ते लिहायला त्याला भाग कुणी पाडलं? विषय कुणी दिला? मीच! 'आमची गाडी' असा विषय देऊन मी न बोलता सांगून टाकलं होतं, की गाडी काय, सगळ्यांकडेच असते. त्याला वाटलं असणार, सगळ्यांकडे आहे, एकट्या आपल्याकडेच नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला शेकडेवारी होती. मी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. म्हटलं, "नाव घालू नका. आपल्या देशातली कोणतीही शंभर घरं घ्या. त्यांतल्या किती घरांकडे चारचाकी गाडी असेल? फक्त आकडा लिहा." चिठ्ठ्या उघडल्या. चाळीस, पन्नास, साठ, सत्तर. एकानं तर नव्वद लिहिलं होतं. सगळ्यांत कमी आकडा होता पंचवीस. आणि खरं सांगू? मीही मनातल्या मनात तीस धरले होते.

"बाई, बरोबर उत्तर काय?" सगळे ओरडले.

"ते नंतर. आधी शनिवारी शाळा सुटल्यावर स्वारगेटला जाऊ. घरून परवानगीची चिठ्ठी आणा."

तर अशी ही आमची सहल! चिठ्ठ्या अकरा जणांनी आणल्या. त्यांत निबंधवाला मुलगाही होता.

चौकात आम्ही फूटपाथच्या अगदी आतल्या बाजूला रांगेनं उभे राहिलो. दुपारची वेळ. हॉर्न, धूर, रिक्षावाल्यांच्या हाका. मी विचारलं, "बघा बरं, काय दिसतंय?"

"गाड्याच गाड्या!"

"म्हणजे सगळ्यांकडे गाड्या आहेत?"

"मग काय बाई! दिसतंच आहे की!"

आता कामं वाटली. दोघांनी चारचाकी मोजायच्या. दोघींनी त्यांच्यातली माणसं मोजायची. चौघांनी पीएमपीच्या बसमधली माणसं मोजायची, कारण ते काम सर्वांत अवघड. उरलेल्यांकडे दुचाकी. सिग्नल लाल झाला आणि आमची मोजणी सुरू झाली.

आमच्या बाजूला १४ चारचाकी थांबल्या. त्यांतली माणसं किती? २१. बहुतेक गाड्यांमध्ये चालवणारा एकटाच. त्याच रांगेत दोन बस होत्या. बसवाली चौकडी टाचा उंच करकरून मोजत होती. साठाच्या पुढं गेल्यावर दिवा हिरवा झाला आणि बस निघून गेल्या. दुचाकीवाल्यांनी तर हातच टेकले. "बाई, त्या पाण्यासारख्या वाहतात, मोजताच येत नाहीत!"

आता गंमत बघा. १४ गाड्यांनी रस्ता भरून टाकला होता. दोन बसनी त्या मानानं थोडीशीच जागा घेतली होती. पण माणसं बसमध्ये तिपटीच्या आसपास! आपला डोळा मात्र माणसं मोजत नाही, पत्रा मोजतो. ज्याचा पत्रा मोठा, तो जास्त दिसतो. चालत जाणारा माणूस तर जवळजवळ दिसतच नाही. आणि आम्ही तिथं असताना किती माणसं चालत रस्ता ओलांडून गेली, हे मोजायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्यासुद्धा!

एक गोष्ट मी मुलांना तिथंच सांगितली. आमची ही मोजणी म्हणजे काही शास्त्रीय पाहणी नव्हे. एका चौकातल्या एका सिग्नलवरून देशाचं गणित सुटत नसतं. बसमधल्या एखाद्याच्या घरीही गाडी असू शकते. पण नुसतं बघण्यात आणि मोजण्यात केवढा फरक असतो, तेवढं मात्र कळलं. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज, स्वारगेट, हडपसर या मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली, तीही याच विचारानं, की जिच्यात जास्त माणसं, तिला रस्त्यावर आधी जागा.

मग एका मुलीनं वर बोट दाखवलं. मोठ्ठा फलक. हसरे आई-बाबा, दोन गोरीपान मुलं, पोहण्याचा तलाव, आणि खाली घराची किंमत, एक कोटीच्या पुढं. "बाई, अशी घरं कोण घेतं?" मी म्हटलं, "घेणारे आहेत, पण थोडे. फलकावर मात्र फक्त तेच असतात. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांचा फलक कुणी लावतं का?" टीव्हीवरच्या मालिकांचंही तसंच. मालिकेतल्या आजी स्वयंपाकघरातही जरीची साडी नेसून असतात. रोज तेच पाहिलं की आपल्याला वाटतं, जग असंच आहे, आपलंच घर तेवढं लहान.

तिथून एसटी स्टँडवर गेलो. तिथं वेगळंच जग! पिशव्या, गाठोडी, पाण्याच्या बाटल्या, कडेवरची लेकरं. एक आजोबा खांबाला टेकून बसले होते. ७५ वर्षांवरच्यांना एसटीत तिकीट नाही, ही सवलत २०२२ मध्ये सुरू झाली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. सातारच्या गाडीच्या दारात बायकांची ही गर्दी! एक मावशी मुलांना म्हणाल्या, "अर्ध्या तिकिटामुळं महिन्यातनं दोनदा लेकीला भेटाया येतीया. पयलं वरसातनं दोनदा व्हायचं." एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, गेली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतली माणसं हिच्याच भरवशावर आहेत. तिकीट अर्धं झाल्यावर लेकीची भेट होते, अशीही घरं आहेत आणि ती थोडीथोडकी नाहीत. चौकातून ती दिसत नाहीत, स्टँडवर दिसतात.

काही माणसं तर स्टँडवरही दिसत नाहीत, कारण आपण उठण्याआधीच त्यांचं काम सुरू झालेलं असतं. स्वारगेटजवळ गुलटेकडीला मार्केट यार्ड आहे. पहाटे तिथं भाजीचे ट्रक येतात आणि हमाल पाठीवर पोती वाहतात. अशा कष्टकऱ्यांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून पुण्याच्या हमाल पंचायतीनं 'कष्टाची भाकर' केंद्रं सुरू केली. हमालांची संघटना उभारणारे डॉ. बाबा आढाव यांचं नाव मोठ्यांना विचारा, ते सांगतील. तुमच्या ताटातली मेथी कुणाच्या तरी पाठीवरून आलेली असते.

ऊन उतरल्यावर आम्ही पर्वती चढलो. १०३ पायऱ्या! नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये इथलं देवदेवेश्वराचं मंदिर बांधलं. वर वारा सुरेख होता. सगळ्यांनी डबे उघडले. खाली स्वारगेट दिसत होतं, मगाशी ज्या गाड्यांनी आम्हाला दडपून टाकलं होतं त्या काड्यापेटीएवढ्या झाल्या होत्या.

"आता छपरं बघा," मी म्हटलं.

रस्त्यावरून चालताना दुकानं, इमारती, काचा दिसतात. वरून मात्र त्यांच्या मागचं दिसतं. पत्र्याची छपरं, एकाला एक चिकटलेली. टेकडीच्या उतारावरच जनता वसाहत आहे, हजारो माणसांची. मोठ्या इमारती मोजक्या, पण उंच, म्हणून लांबून त्याच दिसतात. बैठी घरं खूप, पण ती लपून जातात.

तिथं पायरीवर बसून मी उत्तर सांगितलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची एक मोठी पाहणी असते. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत देशातल्या शंभर घरांपैकी चारचाकी असलेली घरं निघाली साधारण आठ.

"आठ?" सगळे एकदम ओरडले. "ऐंशी ना बाई?"

"नाही रे, आठ." २००१ च्या जनगणनेत हा आकडा अडीच होता, २०११ मध्ये पावणेपाचच्या आसपास. म्हणजे वाढतोय, पण अजून दहाच्या आतच. दुचाकी असलेली घरं मात्र निम्मी. पुण्यासारख्या शहरात गाड्या खेड्यांपेक्षा जास्त असणार हे खरंच. तरी नव्वद कुठं आणि आठ कुठं!

आपणच चुकतो असं नाही बरं का. अमेरिकेत २०२२ मध्ये यूगव्ह या संस्थेनं लोकांना विचारलं, की वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त कमाई असलेली घरं शंभरात किती असतील? लोकांचा अंदाज वीसच्या आसपास. खरी किती? एकसुद्धा नाही, त्याहून कमी! आणि गंमत म्हणजे, गाडी असलेले लोक शंभरात किती, याचा अंदाज त्यांनी ६६ केला, तर तिथं खरे होते ८८. म्हणजे दुर्मीळ गोष्ट त्यांना जास्त वाटली आणि नेहमीची गोष्ट कमी वाटली. श्रीमंती डोळ्यांत भरते ना, त्यामुळं मनात तिची गर्दी होते.

मग आम्ही आणखी एक गणित केलं. सरकारनं २०२३-२४ मध्ये घरोघरी जाऊन खर्चाची पाहणी केली. शहरात एका माणसामागं महिन्याचा सरासरी खर्च आला ६,९९६ रुपये. खेड्यात ४,१२२. शहरातल्या सर्वांत कमी खर्च करणाऱ्या पाच टक्के लोकांचा सरासरी खर्च २,३७६ रुपये. तीसनं भागा. दिवसाला ७९ रुपये. त्यात खाणं, कपडे, औषध, प्रवास, सगळं! आणि सर्वांत वरच्या पाच टक्क्यांचा सरासरी खर्च २०,३१० रुपये. अगदी गडगंज लोक अशा पाहणीत सहसा सापडत नाहीत, त्यांचा आकडा याहून कितीतरी मोठा असेल, हेही लक्षात ठेवायचं.

मी आधीच बजावलं होतं, की आपल्या घरचा खर्च कुणीही सांगायचा नाही. हे गणित आपलं आपण मनात करायचं. पण माझं मी सांगितलं. आमच्या घरी चार माणसं. चार गुणिले ६,९९६ म्हणजे २७,९८४. आमच्या घरात नवरा-बायको दोघंही नोकरी करतो. आमचा महिन्याचा खर्च याहून बराच जास्त होतो. आणि मी मात्र आजवर सगळ्यांना सांगत आले, 'आम्ही बाई साधी मध्यमवर्गीय माणसं, परवडत नाही हो काही!' ते कशावरून? समोरच्या सोसायटीतल्या तीन गाड्या पाहून. आमच्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींकडे पाहून मी हे कधीच म्हटलं नव्हतं. आपण वर बघून आपली जागा ठरवतो, खाली बघत नाही.

"पण बाई," एकीनं विचारलं, "ज्यांच्याकडे गाडी आहे ते तरी श्रीमंतच ना?"

मी म्हटलं, "गाडी दिसते, हप्ता दिसत नाही." पुष्कळ गाड्या कर्जावर असतात. पुष्कळ लग्नांचे मांडवही! ज्या पेशव्यांच्या टेकडीवर आम्ही बसलो होतो, त्यांचंच बघा. थोरल्या बाजीरावांचा केवढा दरारा! पण आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी कर्जाचं गाऱ्हाणं मांडलंय. बाहेरून शनिवारवाडा दिसायचा, आतून सावकार दारात!

पालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे आणि माझ्यासाठीही. 'सगळ्यांकडे आहे' हे वाक्य मुलं घरी घेऊन येतात. सगळ्यांकडे मोबाइल आहे, सगळे विमानानं जातात, सगळ्यांचा वाढदिवस हॉटेलात होतो. त्या वाक्यापायी कुणी कर्ज काढतं, कुणी मुलाला रागावतं, आणि कुणाचं मूल पांढऱ्याशुभ्र गाडीवर निबंध लिहितं. मुलाला रागावण्याआधी एकदा विचारा, 'सगळ्यांकडे म्हणजे किती जणांकडे? चल, मोजू या.' आणि आम्ही शिक्षकांनी सहलीची वर्गणी ठरवताना, प्रकल्पाचं सामान सांगताना, आधी हाच प्रश्न स्वतःला विचारायला हवा.

उतरेपर्यंत दिवे लागले होते. परतताना बसला गर्दी होती. तो मुलगा माझ्या शेजारी दांडी धरून उभा होता. बराच वेळ गप्प होता. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "बाई, ती गाडी खोटी होती."

मी म्हटलं, "माहीत आहे. माझा विषयच खोटा होता."

तो थोडा हसला. मग म्हणाला, "पण वायपरचं खरंय. मी बसच्या काचेवरच बघितलंय ते."

सोमवारी मी नवा विषय दिला, 'मी शाळेत कसा येतो'. कुणी सायकलीवर लिहिलं, कुणी बाबांच्या स्कूटरवर, दोघींनी चालत येतानाच्या शॉर्टकटवर आणि तीन जणांनी गाडीवर. गाडी असणं काही गुन्हा नाही, तेही आवडीनं वाचलं. त्या मुलानं बसवर दीड पान लिहिलं. खिडकीची जागा कशी पटकवायची, याच्या तीन युक्त्या त्यात आहेत. त्या मी इथं सांगणार नाही, नाहीतर आम्हाला जागा मिळायची नाही! जोडाक्षरं तेवढी चुकली, म्हणून दहापैकी आठ दिले. त्याची तक्रार आहे, की खोट्याला नऊ आणि खऱ्याला आठ का?

त्याचं म्हणणं बरोबर आहे. अर्धा गुण वाढवायचा मी विचार करतेय.

तुम्हीही तुमच्या गावातल्या चौकात, स्टँडवर किंवा बाजारात मोठ्या माणसांबरोबर जा. आधी अंदाज लिहा, मग मोजा. गाड्या मोजा, माणसं मोजा, आणि आम्ही विसरलो ते विसरू नका. चालणारी माणसंही मोजा.